नागपूरची राधिका, फुलेऱ्याची मंजूदेवी

मालिकांच्या बाबतीत आमच्या ओसरीवर एकमत होणे कठीणच. दिवसभर कापूस वेचून आलेल्या काकूंना 2016 साली सुरू झालेली ‘माझ्या नवऱ्याची बायको’ आजही प्रिय आहे, कारण तिच्यातली राधिका नागपूरकडची होती आणि आपल्या बोलीची तिला लाज नव्हती. हे श्रेय मलाही मान्य आहे. मात्र पुढे पुढे ते कथानक पाणी घालून वाढवलेल्या वरणासारखे झाले. रमेश सिप्पी यांच्या ‘बुनियाद’मध्येही (1986) भाग पुष्कळ होते, पण तिथे फाळणीच्या झळा सोसणाऱ्या कुटुंबाबरोबर काळही पुढे सरकत होता.

अलीकडच्यांपैकी मला ‘पंचायत’ (2020) सर्वांत जवळची वाटते. फुलेरा हे गाव उत्तर प्रदेशातले दाखवले असले, तरी निवडून आलेल्या मंजूदेवी घरात आणि कारभार पतीच्या हाती, ही व्यवस्था आमच्याकडे कोणाला समजावून सांगावी लागत नाही. पहिल्या पर्वाच्या अखेरीस 26 जानेवारीच्या ध्वजवंदनासाठी त्या राष्ट्रगीत पाठ करतात आणि गावासमोर अडखळत म्हणतात. त्या प्रसंगात भाषणबाजी नाही, पार्श्वसंगीताचा कल्लोळ नाही, म्हणूनच तो खरा वाटतो. काकूंना मात्र त्यात ‘काहीच घडत नाही’.