चौकटीतला बार आणि चौकटीची ताकद

साताऱ्यात भरतीची तयारी करणारी मुले पुल-अपला ‘बीम’ म्हणतात. सैन्याच्या जनरल ड्यूटी पदाच्या शारीरिक चाचणीत दहा बीम काढणाऱ्याला ४० गुण मिळतात, सहा काढणाऱ्याला १६, आणि त्याखाली राहिलेला बाद होतो; त्यामुळे मैदानाव्यतिरिक्त घरीही सराव व्हावा म्हणून दाराच्या चौकटीत बसणारा बार अनेक घरांत येऊ लागला आहे. मी बांधकामाच्या व्यवसायात असल्यामुळे कोणता बार घ्यावा, असे मला विचारले जाते, आणि माझा उलट प्रश्न नेहमी एकच असतो: चौकट कशाची आहे आणि ती किती जाडीच्या भिंतीत बसवली आहे? खोक्यावर छापलेली वजनाची मर्यादा बारची असते, तुमच्या चौकटीची नसते.

चौकटीवर आकड्यासारखा अडकवायचा बार आपल्याकडच्या बहुतेक घरांत निरुपयोगी ठरतो. परदेशी घरांत दाराभोवती भिंतीबाहेर आलेली रुंद लाकडी पट्टी असते आणि हा बार तिच्यावर टेकतो. आपल्याकडे गिलावा चौकटीला भिडून संपतो. जिथे पट्टी दिसते तिथेही ती बहुधा शोभेपुरती, बारीक खिळ्यांनी ठोकलेली असते.

उरतो तो फिरवून ताणून बसवायचा बार, ज्याच्या दोन्ही टोकांना रबर असते. तो केवळ घर्षणावर टिकतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. सत्तर किलोचा माणूस स्थिर लोंबकळला तर प्रत्येक टोकावर पस्तीस किलोचा भार खाली येतो. रबर आणि रंगवलेले लाकूड यांच्यातील घर्षणाचा गुणांक अर्धा धरला, तर ते टोक घसरू नये म्हणून बारने चौकटीला आडवे किमान सत्तर किलोने रेटले पाहिजे. झोके घेतले किंवा झटका दिला की ही गरज आणखी वाढते. म्हणजे बार जितका घट्ट बसवावा, तितका चौकट भिंतीतून बाजूला ढकलण्याचा जोर वाढतो. नऊ इंची भिंतीत होल्डफास्ट (चौकट भिंतीत जखडणाऱ्या लोखंडी पट्ट्या) घालून पक्की केलेली सागाची चौकट हा जोर सहज सहन करते. चार इंची पार्टिशनमध्ये, त्यातही दाराच्या एका बाजूला भिंतीचा वीतभरच तुकडा उरला असेल, तर चौकट आणि गिलावा यांच्यामध्ये उभी चीर पडू शकते. ग्रॅनाइटच्या गुळगुळीत चौकटीत असा बार बसवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लाकडी चौकट असली तरी ती बोटांनी ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला, तर मागचा सिमेंट-वाळूचा माल सुटला आहे किंवा आत वाळवी आहे, असे समजावे. सांगलीत २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्या घरांच्या चौकटी पाण्यात राहिल्या, त्या वरून रंगवून चांगल्या दिसत असल्या तरी त्यांची तपासणी सुताराकडून करून घ्यावी.

माझी पसंती चौकटीला स्क्रूने धातूच्या वाट्या बसवून त्यांत बारची टोके टेकवण्याला आहे, कारण मग भार घर्षणावर न राहता स्क्रूंवर जातो. स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडावे, नाहीतर जुने लाकूड चिरते. दोन्ही वाट्या पाणसळ लावून एका पातळीत घ्याव्यात आणि दाराचे पान जिथे टेकते त्या खाचेपासून दूर, चौकटीच्या सपाट भागावर बसवाव्यात. बारच्या नळीवर आणि तिच्या फिरत्या भागावर मिळून पेन्सिलची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली की बार सैल होत आहे, हे चढण्यापूर्वीच कळते. पावसाळ्यात फुगलेले लाकूड उन्हाळ्यात आकसते, म्हणून ऋतू बदलला की पुन्हा ताण तपासावा. खाली जुनी गादी अंथरावी, स्टूल बाजूला सारावे आणि घरात लहान मुले असतील तर व्यायाम झाल्यावर बार काढून ठेवावा.

सरावाबद्दल थोडक्यात सांगतो. ज्याला एकही बीम येत नाही, त्याने नुसते लटकण्यापासून सुरुवात करावी. मग कोपर न वाकवता खांदे कानांपासून खाली ओढण्याचा सराव करावा, आणि त्यानंतर स्टुलावरून हनुवटी बारच्या वर नेऊन पाचेक सेकंद घेत सावकाश खाली यावे. ताकद वाढवण्यात या सावकाश उतरण्याचा वाटा मोठा असतो, तरी बहुतेक जण तेच टाळतात. दाराच्या रुंदीमुळे हात फार फाकवता येत नाहीत, पण खांद्यांइतके अंतर पुरेसे असते. डोके वर आपटू नये म्हणून बार आणि चौकटीचा माथा यांत सुमारे फूटभर जागा सोडावी. कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागले, तर काही दिवस थांबावे. रोज बार धरण्यापेक्षा एक दिवसाआड केलेला सराव बरा.

भरतीच्या मुलांनी एवढे मात्र ध्यानात ठेवावे, की सात फुटी दारात गुडघे दुमडून काढलेला बीम आणि मैदानावरच्या उंच बारवर पाय सरळ ठेवून काढलेला बीम यांत फरक असतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी व्यायामशाळेतल्या सिंगल बारवर जाऊन आपला खरा आकडा मोजावा.