शर्टाचं लेबल

आज पुन्हा अमळनेर–जळगाव एसटी. स्टँडवर भोंगा वाजला तसे लेकाने दोन्ही कान गच्च दाबले. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "लाडावून ठेवलंय जरा." पूर्वी मी भांडले असते. आज खिडकीतून कपाशी बघत बसले.

थेरपीच्या खोलीत मॅडमनी त्याला झोक्यात पालथं झोपवून झुलवलं, मग जड पिशवी ओढायला लावली. पाच ज्ञानेंद्रियं आपण शाळेत पाठ केली. पण आतल्या कानातून येणारी तोलाची जाणीव आणि स्नायू-सांध्यांतून कळणारी आपल्याच शरीराची जाणीव, यांचं नावही कुणी काढलं नव्हतं. या सगळ्यांची मेंदूत नीट सांगड बसली नाही, तर साधे स्पर्श-आवाजही जड जातात, असं जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या) बाईंनी १९६०-७० च्या दशकांत मांडलं. टोचतात म्हणून मी आजवर त्याच्या सहा शर्टांची लेबलं ब्लेडने उसवलीत, त्यामुळे मला लगेच पटलं!

घरी आलो तर सासूबाई भाकरीसाठी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ मळत होत्या. एरवी ओलं पीठ बघून पळणारा हा आज परातीशी उकिडवा बसला. एक बोट लावलं. झटकलं. चड्डीला पुसलं. परत लावलं, या वेळी दोन बोटं. मी कौतुकाने मोबाईल काढला, तर सासूबाई हळूच म्हणाल्या, "राहू दे वं, त्याले खेळू दे."

मोबाईल ठेवला.

वांग्याच्या भरताला मात्र त्याने हात लावला नाही. भाकरी खाल्ली, कडा काढून.