स्लीप स्टडी आणि एका ओळीसाठी चार हेलपाटे

स्लीप स्टडी म्हणजे रात्रभर झोपेची तपासणी. टेस्टची रात्र तशी बरी गेली. डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, पायांना वायरी चिकटवल्या होत्या. कूस बदलली की ओढल्या जायच्या, तरी झोप लागली. (केसांतली पेस्ट दोनदा न्हाल्यावर निघाली. आदल्या दिवशी तेल लावू नका.)

घोळ झाला फॉर्मवर. चहा-कॉफी, दारू, घोरणं, सगळ्याला रकाने. औषधांचा मात्र एकच: 'झोपेची गोळी घेता का?' मी 'नाही'वर खूण केली. खरंच घेत नाही. नैराश्यासाठी एस्सिटालोप्राम घेते, रोज सकाळी, आठ महिने झाले. ते कुणी विचारलं नाही, मीही आपणहून बोलले नाही.

रिपोर्टात आलं: रेम झोप, म्हणजे स्वप्नांची झोप, डोळा लागल्यावर 190 मिनिटांनी सुरू, एकूण झोपेच्या 9 टक्के. एरवी ती दीडेक तासात येते आणि 20 ते 25 टक्के असते. खाली शेरा 'असामान्य'. माझ्या पोटात गोळा.

सायकियाट्रिस्ट मॅडमनी कागद पाहिला. "अहो, हे गोळीचंच काम आहे." सेरोटोनिन (मेंदूतलं एक रसायन) वाढवणारी बहुतेक औषधं रेम पुढे ढकलतात आणि कमी करतात. उपचार न घेतलेल्या नैराश्यात बऱ्याचदा उलटं, रेम लवकर येते. गोळीची नोंद नसेल तर रिपोर्ट वाचणारा काय समजणार?

ती नोंद रिपोर्टात घालून घ्यायला टेस्ट केली तिथे गेले. "रिपोर्ट फायनल झालाय." डॉक्टरांचं पत्र आणा. आणलं, तर पत्रावर डोस नाही. तिसऱ्या खेपेला सही करणारे रजेवर. रात्रीची झोप 30 सेकंदांचे तुकडे पाडून तपासतात, आठ तासांचे 960 तुकडे. तेवढं बघायला माणूस होता, एक ओळ लिहायला नव्हता!

वैतागून म्हटलं, गोळी बंद करून पुन्हा टेस्ट देते. मॅडमनी झापलं. अचानक सोडली तर त्रास होऊ शकतो, शिवाय दबलेली रेम उसळते, स्वप्नांचा भडिमार होतो. तो रिपोर्टही फसवाच. काही तपासण्यांआधी ही औषधं थांबवतात, पण ते डॉक्टर ठरवतात. आपण औषधाचं नाव, डोस, वेळ, कधीपासून, हे फॉर्मच्या मार्जिनमध्ये लिहून टाकायचं, रकाना असो नसो.

चौथ्या खेपेला ओळ मिळाली, शिक्क्यासकट. औषधाचं स्पेलिंग चुकलंय. राहू दे.