पर्यटकांसाठीच आहे, मग?

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सला निघायच्या आधी जॅझ कुठे ऐकायचं ते ज्याला त्याला विचारलं. प्रत्येकाने प्रिझर्व्हेशन हॉल या पारंपरिक जॅझच्या जुन्या जागेचं नाव घेतलं आणि घेतल्या घेतल्या नाकही मुरडलं. "छान आहे, पण फार टूरिस्टी हो." खरं जॅझ ऐकायचं तर फ्रेंचमन स्ट्रीटला जा, तिथे गावातली माणसं असतात, असा सगळ्यांचा सूर. माझ्याबरोबर मावशी होती. ह्यूस्टनला मुलाकडे राहायला आलेली, पंच्याहत्तरी ओलांडलेली, उजव्या गुडघ्याला पट्टा. ती म्हणाली, "अगं, आपण टूरिस्टच आहोत ना? मग आपल्यासाठीच आहे ते." झालं, तिकिटं काढली.

जागा फ्रेंच क्वार्टर या शहराच्या जुन्या भागात, ७२६ सेंट पीटर स्ट्रीट. बर्बन स्ट्रीट पावलांवर. त्या रस्त्याबद्दल फार लिहीत नाही. दर दारातून वेगळं गाणं, तेही कर्कश स्पीकरवर, आणि हातात प्लॅस्टिकचे पेले घेऊन झुलणारी गर्दी. इथे भर रस्त्यात दारू पीत चालायला परवानगी आहे, फक्त काचेचा पेला नको. हॉलच्या शेजारीच पॅट ओब्रायन्स हा प्रसिद्ध बार, 'हरिकेन' नावाच्या लालभडक पेयासाठी ओळखला जाणारा. या सगळ्या झगमगाटात हॉल शोधायला मावशीला वेळ लागला, कारण तिला रोषणाई असलेलं काहीतरी अपेक्षित होतं. समोर होती रंग उडालेली भिंत, लोखंडी दार आणि फुटपाथवर रांग. "हे? हे तर आपल्या जुन्या वाड्याच्या दिंडीसारखं आहे," असं म्हणून ती रांगेतल्या एका बाईच्या घडीच्या खुर्चीकडे हेव्याने बघत उभी राहिली.

आतली खोली खरोखर छोटी. शंभरेक माणसं मावतात, तीही अंग चोरून. पुढे जमिनीवर उश्या, त्यामागे लाकडी बाकं, उरलेल्यांनी मागे उभं राहायचं. भिंतींवर जुन्या वादकांची चित्रं, उजेड बेताचा. स्टेज असं नाहीच. वादकांच्या खुर्च्या आणि पहिली उशी एकाच जमिनीवर. फोन खिशात ठेवा, वादन चालू असताना फोटो-व्हिडिओ नाही, हे दारातच बजावून सांगतात. मला या नियमाचं फार बरं वाटलं. तरी एका गृहस्थांनी दुसऱ्याच गाण्याला हात वर केला आणि कर्मचारी मुलीने इतक्या हलक्या आवाजात त्यांना खाली बसवलं की शेजाऱ्यालाही कळलं नसेल.

मावशीसाठी बाकावरची जागा आधीच राखून ठेवली होती. ती तिकिटं महाग असतात. मी पुढच्या उशीवर, म्हणजे जवळजवळ ट्रॉम्बोनच्या खालीच. ट्रॉम्बोन या पितळी वाद्याला पट्ट्या-कळा नसतात. एक लांब नळी पुढे-मागे सरकवत सूर गाठायचा, म्हणजे सगळा हिशेब कानाचा आणि मनगटाचा. वादकाचा हात पूर्ण लांब झाला की नळीचं टोक माझ्या कपाळापासून वीतभर अंतरावर यायचं. मी दोनदा मागे सरकले, त्याने दोन्ही वेळा भुवई उडवली आणि तिसऱ्यांदा मुद्दाम अजून एक बोट पुढे आणलं. जुन्या काळी बँड घोडागाडीत बसून गावभर जाहिरात करत फिरायचे, तेव्हा ट्रॉम्बोनवाला गाडीच्या मागच्या फळीजवळ बसायचा, नळी कोणाच्या पाठीत जाऊ नये म्हणून. त्या घसरत जाणाऱ्या वाजवण्याला अजूनही 'टेलगेट', म्हणजे मागची फळी, म्हणतात. दोन गाण्यांच्या मध्ये त्याने नळीच्या टोकाची बारकी चावी दाबून आत साठलेलं पाणी जमिनीवरच्या फडक्यावर सोडलं. मग कमरेशी ठेवलेला रबरी पंप उचलला. हो, बेसिन तुंबल्यावर वापरतात तोच, दांडा काढलेला. तो ट्रॉम्बोनच्या तोंडावर उघडझाप करत ठेवला की वाद्य माणसासारखं कुरकुरतं, लाडात येतं. मागून मावशीचं हसू ऐकू आलं.

ऐकू आलं, कारण खोलीत एकही माईक नव्हता. गाणारा गायला तोही उघड्या गळ्याने. ढोलकाच्या कातड्याला ब्रश घासल्याचा आवाज, बँजोच्या तारेची खरखर, क्लॅरिनेटवाल्याचा श्वास, सगळं पोहोचतं. आणि मोठा आवाज करायला काही साधनच नसल्यामुळे कोणी एकाने एकट्याने वाजवायला घेतलं की बाकीचे आपोआप खाली उतरतात. साऊंडवाल्याने करायचं काम इथे कान करतात.

पारंपरिक न्यू ऑर्लिन्स जॅझमध्ये ट्रम्पेट किंवा कॉर्नेट मूळ चाल धरून चालतो, क्लॅरिनेट वरून बारीक नक्षी काढते, ट्रॉम्बोन खालून भर घालतो, आणि हे तिघंही एकाच वेळी आपापलं सुचेल तसं वाजवत असतात. आपल्याकडे मुख्य कलाकार एक आणि साथीला बाकीचे, ही उतरंड कानात पक्की बसलेली, त्यामुळे पहिली पाचेक मिनिटं नक्की कोणाचं ऐकायचं तेच कळेना. मावशीने नंतर जे सांगितलं ते मला समीक्षकांपेक्षा पटलं: "तिघं एकदम बोलतात, पण एकमेकांचं ऐकून बोलतात. आपल्या घरात असं कधी झालंय?"

टाळीचा मात्र घोळ झाला आणि तो मजेदार होता. मी लहानपणी तबला शिकले आहे, मावशी आयुष्यभर भजनात बसलेली. आमचा हात पहिल्या मात्रेवर, समेवर पडणार. इथे चार मात्रांत टाळी दुसरीला आणि चौथीला. त्यातून या शहराच्या मिरवणुकीच्या ठेक्यात आणखी एक खोड आहे: मोठा ढोल दर दुसऱ्या आवर्तनात चौथ्या मात्रेवर दणका देतो, म्हणजे सम येण्याआधीच धक्का. चालताना पाऊल आपोआप उसळतं. मावशी ठाम समेवर, आख्खी खोली विरुद्ध बाजूला. ड्रमवाल्याने ते हेरलं. तिच्याकडे बघत त्याने दोन आवर्तनं नुसत्या मोठ्या ढोलावर चौथी मात्रा ठोकून दाखवली. तिसऱ्याला मावशी बरोबर जागेवर आली आणि त्याने काठी उंचावून दाद दिली. एरवी वादकाला दाद द्यायची असते. इथे वादकाने श्रोत्याला दिली, आणि शंभर माणसांच्या खोलीतच हे शक्य आहे.

आता त्या 'टूरिस्टी' शब्दाकडे येते, कारण मला त्यावर भांडायचं आहे.

१९५०च्या दशकात या खोलीत लॅरी बोरेनस्टाइन नावाच्या चित्रविक्रेत्याची गॅलरी होती. गॅलरी सोडून संध्याकाळी गाणं ऐकायला जाता येत नाही, म्हणून त्याने वादकांनाच गॅलरीत बोलवायला सुरुवात केली. तोवर गावाची आवड रिदम अँड ब्लूज आणि रॉक अँड रोलकडे वळली होती. जॅझच्या पहिल्या पिढ्यांतले कृष्णवर्णीय वादक म्हातारे झाले होते आणि त्यांच्या हाताला फारसं काम नव्हतं. जॉर्ज लुईससारख्या क्लॅरिनेटवादकाने तर कधीकाळी गोदीत हमाली केलेली. अशात पेन्सिल्व्हेनियाचं एक नवविवाहित जोडपं, ॲलन आणि सँड्रा जॅफी, मेक्सिकोहून मधुचंद्र उरकून परतताना इथे थांबलं, गाणं ऐकलं आणि राहूनच गेलं. १९६१मध्ये त्यांनी हॉल चालवायला घेतला. सँड्रा दाराशी टोपली घेऊन बसायची, ॲलन ट्यूबा हे खर्जातलं मोठं पितळी वाद्य वाजवायचा. बार नाही, जेवण नाही, नाचायला जागा नाही. फक्त ऐकायचं.

म्हणजे ही जागा सुरू करणारेच टूरिस्ट! आणि पहिल्यापासून बाकांवर बसणारेही बरेचसे बाहेरगावचे. गावाने पाठ फिरवली होती तेव्हा या म्हाताऱ्यांना ऐकायला जे आले, ते आपल्यासारखेच, हातात नकाशा घेतलेले. शिवाय गोऱ्या आणि काळ्या माणसांनी एकत्र वाजवणं, एकत्र बसणं इथल्या लुइझियाना राज्याच्या तेव्हाच्या कायद्यात बसत नव्हतं. त्यावरून सँड्रा जॅफी आणि वादकांना अटकही झाली होती. असा भेदभाव बेकायदा ठरवणारा नागरी हक्क कायदा यायला अजून १९६४ उजाडायचं होतं. त्या खोलीत टूरिस्ट म्हणून नुसतं बाकावर बसणं हीसुद्धा तेव्हा साधी गोष्ट नव्हती.

भिंतीवरच्या चित्रांकडे बघताना मला सर्वांत जास्त कुतूहल स्वीट एमा बॅरेटचं. पियानो वाजवायची, डोक्यावर लाल टोपी, आणि पायांना घुंगरू. पाय आपटत वाजवायची म्हणजे ठेका आपोआप मिळायचा, त्यामुळे लोक तिला 'बेल गॅल' म्हणायचे. १९६७मध्ये तिला पक्षाघाताचा झटका आला, डावी बाजू गेली. ती उजव्या हाताने वाजवत राहिली, १९८३मध्ये वारली तोवर. मावशीला हे सांगितलं तर तिने पट्टा बांधलेल्या गुडघ्याकडे बघितलं आणि पुढचा अर्धा तास गुडघ्याचं नाव काढलं नाही.

ॲलन जॅफी १९८७मध्ये गेला. आता मुलगा बेन जॅफी सूत्रं सांभाळतो, तोही ट्यूबा आणि बास वाजवणारा. पन्नासहून अधिक स्थानिक वादकांतून रोज फिरता संच बसतो, त्यामुळे 'प्रिझर्व्हेशन हॉलचा बँड ऐकला' म्हणणाऱ्या दोघांनी एकच बँड ऐकला असेल असं नाही. आमच्या संचात ट्रम्पेटवाला विशीतला आणि बँजोवाले काका त्याच्या आजोबांच्या वयाचे. २००५च्या कॅटरिना वादळानंतर वादक देशभर विखुरले होते, हॉल काही महिने बंद राहून २००६मध्ये उघडला. कोविडमध्ये पुन्हा वर्षभराहून जास्त टाळं. पर्यटक थांबले की काय होतं ते गावाने दोनदा बघितलं आहे.

तक्रारही आहे. कार्यक्रम पाऊण तासाचा. रंग चढतो, क्लॅरिनेट मोकळी सुटते, आणि संपलं! पुढची रांग बाहेर उभीच असते. रात्रभराच्या मैफिलींची सवय असलेल्याला हे आमटीच्या वासावर उठवल्यासारखं वाटतं.

फर्माइशीचीही एक गंमत. इथल्या जुन्या पाटीवर दर लिहिलेले असत: पारंपरिक गाण्याला १ डॉलर, इतर गाण्याला २, आणि 'सेंट्स'ला, म्हणजे 'व्हेन द सेंट्स गो मार्चिंग इन' या सगळ्यांना ठाऊक असलेल्या गाण्याला, ५. पुढे दर वाढले, पण चढण तशीच. रोज रात्री तेच गाणं मागणाऱ्या टूरिस्टांवर लावलेला हा कर आहे, आणि तो मला अत्यंत न्याय्य वाटतो. आमच्यातल्या कोणीतरी तो भरलाच. बँजोवाल्या काकांनी नाटकी उसासा टाकला, सगळे हसले, आणि मग त्यांनी ते गाणं असं उचललं की जणू आजच शिकलेत.

संपल्यावर मावशीने मला ट्रॉम्बोनवाल्यापाशी ओढत नेलं. "विचार त्याला, गुरू कोण?" मी विचारलं. तो म्हणाला, काका, आणि शाळेचा मार्चिंग बँड. इथल्या शाळांचे बँड म्हणजे मोठी परंपराच आहे. मार्डी ग्रा या इथल्या मोठ्या उत्सवाच्या मिरवणुकांत मैलोन् मैल चालत वाजवायचं, त्यातूनच पुढचे वादक निघतात. मावशीने टोपलीत पैसे टाकले, त्याच्या हातातला रबरी पंप एकदा नीट निरखून बघितला आणि मराठीतच म्हणाली, "धुतोस ना रे हा?" त्याने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी फ्रेंचमन स्ट्रीटलाही गेलो. बँड उत्तम होता, आणि गावातली माणसं खरंच होती. ती अख्खा वेळ गप्पा मारत होती.

जाणाऱ्यांसाठी एवढंच: तिकीट आधी ऑनलाइन काढा, गुडघे चांगले असतील तर उशी पकडा, पण ट्रॉम्बोनपासून थोडं डावीकडे.