पिटकुळीला केवडा

सासुरवाडी मालवणची. तिथं गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून पिटकुळी हे फुलझाड उभं आहे. पाऊस सरला की मे संपेपर्यंत क्वचितच सर येते, कातळ तापून तवा होतो, तरी हिची पानं हिरवीगार आणि वर लाल झुबके. हिला घालता तरी काय, म्हणून सासऱ्यांना विचारलं. "हेका काय्येक घालूचा लागणा नाय," म्हणाले आणि सुपारी कातरत बसले.

पावसाळ्यात पिशवीत फांदी रुजवली आणि गगनबावड्यामार्गे कोल्हापूरला आणली. नर्सरीत एक्झोरा म्हणून बुटकी रोपं मिळतात, पण मला तीच, गडग्यावरची हवी होती. परसात पंचगंगेकाठची काळी माती. उसाला चालते तर हिला का नाही? शिवाय सकाळ-संध्याकाळ पाणी. पाहुण्याला दोनदा रस्सा वाढल्याशिवाय उठू न देणारं आमचं गाव, झाडाला कसं सोडेल!

दुसऱ्या वर्षी कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. मी पाणी वाढवलं.

शेजारच्या आबांचा ऊस आहे. कुंपणापलीकडूनच म्हणाले, "आवं, केवडा पडलाय की ह्येला!" कोकणातल्या फुलझाडाला केवडा पडावा, हे बरीक जमलं. उसाची पानं अशी पिवळी-पांढरी झाली की आमच्याकडे हाच शब्द. काळ्या मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळे ते विरघळत नाही, मुळांना उचलता येत नाही. त्यात पाणी जास्त होऊन माती चिबडली की दुखणं वाढतं. म्हणजे निम्मा केवडा माझ्या झारीतून पडलेला.

आबांनी हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, शेणखतात मुरवून घालायला सांगितलं. त्यानं पानं थोडी सावरली. पण पिटकुळीला आंबूस, निचऱ्याची तांबडी मातीच मानवते. शेवटी मालवणहून पोतंभर माती आणली. एसटीत कंडक्टरनं पोत्याला पाय लावून विचारलं, "ह्यात काय?"

"माती."

"का? कोल्हापुरात संपली व्हय?"

आता पिटकुळी मोठ्या कुंडीत आहे. बोटभर खोल माती सुकल्याशिवाय पाणी नाही, हे मला फार जड जातं. परवा पहिला झुबका आला. फोटो काढून सासऱ्यांना पाठवावा म्हणून मोबाईल आणायला आत गेलो, तोवर लेकीनं चार फुलं उपटून त्यांच्या नळ्यांतला मध चोखलाही होता. हे तिला आजोळी कुणी शिकवलं, ते विचारायची गरजच नव्हती.