सिंगापूर फ्लायर: पाळण्यात बसायचं कधी आणि बघायचं कुठे

सिंगापूर फ्लायर या महाकाय आकाशपाळण्यात तिकिटापेक्षा वेळ महत्त्वाची. भर दुपारी बसलात तर काचेवर ऊन, खाली धुरकट शहर, आणि उतरल्यावर ‘एवढंच?’ असं वाटणार.

सिंगापूर विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे. सूर्य जवळजवळ सरळ खाली बुडतो आणि संधिप्रकाश वीस-बावीस मिनिटांत आटोपतो. पाळण्याची एक फेरी साधारण अर्ध्या तासाची. म्हणजे नीट वेळ साधली तर उजेड, सूर्यास्त आणि शहरातले दिवे, तिन्ही एकाच फेरीत मिळतात. सूर्यास्त वर्षभर ६.५० ते ७.२० च्या दरम्यान असतो. त्या दिवशीची वेळ बघा आणि तिच्या दहा मिनिटं आधी केबिनमध्ये पाय टाका. सूर्यास्तानंतर पाचेक मिनिटांनी तुम्ही सगळ्यात वर असाल. ही वेळ सगळ्यांनाच हवी असते, रांग लागते, म्हणून अर्धा-पाऊण तास आधी पोहोचा.

जायला सोपं आहे. लिटल इंडियात मुक्काम असेल तर मेट्रोच्या डाउनटाउन लाइनने रोचोर, बुगिस आणि मग प्रॉमनाड. तिसऱ्याच स्टेशनला उतरायचं, गाडी बदलायची नाही. तिथून आठ-दहा मिनिटं चालत. केबिनमध्ये स्वच्छतागृह नाही, लहान मुलांना खालीच नेऊन आणा.

चाकाचा व्यास १५० मीटर, खालच्या तीन मजली इमारतीसकट उंची १६५ मीटर. २००८ मध्ये सुरू झालं तेव्हा जगातलं सर्वांत उंच होतं. २०१४ मध्ये लास वेगासच्या हाय रोलरने ते मागे टाकलं. केबिन २८, प्रत्येकीत २८ माणसं मावतात, आत एसी. चाक चढ-उतारासाठी थांबत नाही. परीघ साधारण ४७० मीटर आणि फेरी तीस मिनिटांची, म्हणजे वेग सेकंदाला जेमतेम पाव मीटर. चालतं असतानाच आत जायचं. व्हीलचेअर असेल किंवा आजी-आजोबांना गुडघ्यांचा त्रास असेल तर रांगेतच कर्मचाऱ्यांना सांगून ठेवा.

जत्रेतल्या पाळण्यासारखं पोटात गोळा येणं इथे नाही. केबिन चाकाच्या कड्याच्या बाहेरच्या अंगाला बसवलेली आहे, त्यामुळे सगळ्यात वर पोहोचल्यावर डोक्यावर लोखंड येत नाही, चारी बाजू मोकळ्या.

आता बघायचा क्रम. सूर्य शहराच्या मागे, पश्चिमेला मावळतो. म्हणून वर चढताना आधी समुद्राकडे तोंड करा: सामुद्रधुनीत नांगरलेल्या जहाजांच्या रांगांवर तिरपं ऊन पडलेलं असतं. हवा स्वच्छ असेल तर पलीकडे इंडोनेशियाची बेटं दिसतात. माथ्यावर आलात की शहराकडे वळा. पाण्यापलीकडे गार्डन्स बाय द बे ही बाग, तिच्याशेजारी मरीना बे सँड्स हॉटेलचे तीन मनोरे. शहर बघायला या हॉटेलच्या गच्चीवर गेलात तर हीच इमारत दिसत नाही, कारण तुम्ही तिच्यावरच उभे असता. माझं मत म्हणूनच फ्लायरला. खालचं पाणी समुद्राचं वाटतं, पण २००८ मध्ये मरीना बराज हा बंधारा बांधून तिथे गोड्या पाण्याचा जलाशय केला आहे.

अंधार पडला की काचेत आतलेच दिवे आणि आपलेच चेहरे दिसू लागतात. फोनची लेन्स थेट काचेला टेकवा, फ्लॅश बंद ठेवा, गडद कपडे घाला. पांढरा शर्ट हमखास फोटोत उतरतो.

बिघडतं ते मुख्यतः हवेमुळे. विजा चमकू लागल्या की फेऱ्या थांबवतात, आणि तिथे दुपारनंतर गडगडाटी पाऊस नेहमीचाच. ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास इंडोनेशियातल्या वणव्यांचा धूर आला तर दूरचं काहीच दिसत नाही. फॉर्म्युला वनची शर्यत असते तेव्हा आसपासचे रस्ते बंद असतात, ट्रॅक अगदी शेजारून जातो. यांत्रिक बिघाडही झाला आहे: २३ डिसेंबर २००८ ला नियंत्रण कक्षातल्या आगीमुळे चाक थांबलं आणि १७३ जण सुमारे सहा तास वर अडकले.

साडेसातच्या आसपास उतरलात की टॅक्सी करू नका. हेलिक्स पुलावरून चालत गेलात तर आठच्या स्पेक्ट्रा या पाण्या-प्रकाशाच्या शोला मरीना बे सँड्सच्या पाण्याकाठी आरामात पोहोचता. गार्डन्स बाय द बेचा ७.४५ चा दिव्यांचा शो मात्र या वेळेत गाठायला जाऊ नका, ८.४५ चा धरा.