छप्पर उघडणारी गाडी आणि सावद्याचं ऊन

गाडी घरी आली त्या संध्याकाळी आईने तिच्याभोवती चक्कर मारली, हळद-कुंकू लावलं, नारळ वाढवला. मग मी मोठ्या कौतुकाने बटण दाबलं. वीस सेकंदांत पत्र्याचं छप्पर वर उचललं गेलं, दुमडलं आणि डिकीत जाऊन बसलं. आईने वर आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "येवढे पैसे देले अन् वरती टपबी नाही?"

तेव्हा एप्रिल चालू होता आणि पारा ४३ वर होता. मी हसण्यावारी नेलं खरं, पण छप्पर उघडणारी गाडी घेऊन मी पुढे वर्षभर तिच्यासाठी छप्पर शोधत फिरलो.

माझी जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याला केळी पिकवायची चेंबर्स, म्हणजे गार खोल्या, आहेत. वय ५१. पुण्याला कॉलेजात होतो तेव्हा, १९९६ साली, मर्सिडीजची एसएलके निघाली. दोन सीटची, पत्र्याचं छप्पर आपोआप घडी होणारी. तिचा फोटो एका मासिकातून कापून होस्टेलच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. कल्पना तशी नवी नव्हती. प्यूजोने १९३० च्या दशकात असं छप्पर केलं होतं, फोर्डने १९५७ मध्ये. पण हे सगळं मला फार नंतर कळलं, तेव्हा फक्त फोटो होता. मी घेतली ती गाडी एसएलके नव्हे, त्याच जातकुळीतली दुसरी आहे. पुढे तिच्या आजारपणाची हकीकत येणार आहे, म्हणून कंपनीचं नाव राहू द्या.

२०१३ चं मॉडेल, २०२२ मध्ये पुण्यातून सेकंडहँड घेतलं. कापडी छपराची एक गाडी बरीच स्वस्तात मिळत होती, पण आमच्याकडचं ऊन, उंदीर आणि मांजरं डोळ्यांसमोर आली. मांजराला उन्हाने तापलेलं ताणलेलं कापड म्हणजे गादीच. पत्र्याचं छप्पर जड असतं, घडी झालं की डिकीत एका पिशवीपुरती जागा उरते, तरीही मी पत्राच निवडला. त्या निर्णयाचा मला आजवर पस्तावा झालेला नाही.

कागदपत्रांचं फार लांबवत नाही. पुणे आरटीओची एनओसी, मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, मग जळगावला नोंद. राज्य तेच असल्याने नंबर एमएच १२ चाच राहिला. गावात अजून "पुण्याची गाडी" म्हणतात. एकच सांगतो, कारण मी स्वतः फसता फसता वाचलो: विम्यातला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट, हा मालकाचा असतो, गाडीचा नसतो. जुन्या मालकाचा बोनस आपल्याला मिळेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आणि गाडी नावावर झाली की १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवा.

आता उन्हाचं.

मे महिन्यात आमच्या भागात पारा ४५-४६ ला जातो. काळ्या चामड्याच्या सीटवर दुपारी दोन वाजता बसणं म्हणजे काय, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकलो. गिअरच्या दांड्यावरची धातूची टोपी तर हाताला चटकाच देते. उपाय साधे आहेत. सीटवर पांढरा टॉवेल, स्टिअरिंगवर सुती रुमाल, आणि बसण्याआधी दोन्ही दारं उघडून पाच मिनिटं उभं राहणं. छप्पर उघडं ठेवून एसी लावला की गार होईल असं वाटतं. होतं फक्त गुडघ्यांपर्यंत. डोक्यावर सूर्य तसाच.

उघडी गाडी मे महिन्यात चालवायची तर पहाटे पाच ते साडेसात. नंतर थेट रात्री नऊनंतर. संध्याकाळी सहाला ऊन उतरलेलं दिसतं, पण डांबर तेव्हा दिवसभराचं प्यायलेलं परत ओकत असतं.

गाडी नुसती उभी असली तरी ऊन तिला खातंच. रबराचं बीडिंग वाळतं, डॅशबोर्डचं चामडं कडांना ओढलं जातं, बॅटरीतल्या प्लेटा लवकर गंजतात. थंडीत बॅटरी बंद पडते, पण मरते ती उन्हाळ्यात, असं आमचा बॅटरीवाला म्हणतो, आणि त्याचं खरं आहे. आठवड्यातून एकदा फिरणाऱ्या गाडीला म्हणूनच मंद चार्जर कायम जोडून ठेवावा लागतो. पेट्रोलचंही तसंच. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवायची नाही, पूर्ण भरायची.

तर सावली हवी होती. घराच्या पोर्चमध्ये आईची आणि बायकोची स्कूटी, शिवाय घरची मोठी गाडी. "त्या खेळण्यासाठी मी माझी गाडी उन्हात लावणार नाही," असं बायकोने स्वच्छ सांगितलं. मग मला एक कल्पना सुचली. आज लिहितानाही थोडी लाज वाटते.

चेंबर्सपैकी एक त्या आठवड्यात रिकामं होतं. केळी पिकवताना आत १६ ते १८ अंश ठेवतात. बाहेर ४५, आत १७, आणि माझ्याकडे अंधारी, बंद, गार खोली. मी गाडी सरळ आत घातली. माणसं बघत राहिली. मुकादमाने फक्त एवढंच विचारलं, "शेठ, कितव्या दिवशी काढायची? पिवळी झाली की?"

पाचव्या दिवशी काढली. चेंबरमध्ये हवा दमट ठेवतो आम्ही, ९० टक्क्यांच्या पुढे, नाहीतर केळीची साल सुकते. केळीला जे मानवतं ते चामड्याला मानवत नाही, हे इतकी वर्षं केळी पिकवूनही मला सुचलं नव्हतं. सीटच्या शिवणीत पांढरी बुरशी आली होती. वर, गार पडलेली गाडी भर दुपारी बाहेर आणताच तिला घाम फुटला. काचा, आरसे, मीटरच्या काचेच्या आतली बाजू, सगळीकडे पाणी. एक सेन्सर दोन दिवस चुकीचं काहीबाही सांगत राहिला. बुरशी पुसायला बायकोच मदतीला आली, पण ती गोष्ट ती अजून प्रत्येक पाहुण्याला सांगते.

मग गाडी मळ्यातल्या कडुनिंबाखाली गेली. जुना, डेरेदार निंब. दुपारी त्याखाली बैलही झोपतात, गाडीला काय होणार? वरून सुती कव्हर घातलं. प्लॅस्टिकचं घालू नये, आत वाफ कोंडते. एप्रिलचा शेवट आणि अख्खा मे ती तिथे राहिली. मी खूश होतो.

निंबाला फुलोरा असतो तेव्हा तो किती बारीक झडतो, हे अंगणात झाडू मारणारी बाई सांगू शकेल. मला ते जूनमध्ये कळलं.

मृगाचा पहिला पाऊस आला त्या संध्याकाळी मी फैजपूरहून येत होतो. छप्पर उघडं होतं. पश्चिमेला काळं झालेलं दिसत होतं, मातीचा वास आला, तरी म्हटलं सावदा गाठू. गाठलं नाही. चिनावलच्या फाट्याच्या अलीकडे थेंब सुरू झाले. गाडी बाजूला घेतली, कारण माझं छप्पर गाडी उभी असेल तरच बंद होतं, आणि बटण दाबलं. डिकीचं झाकण उलटं उघडलं, पत्रा वर आला, पंख उभारलेल्या बगळ्यासारखा अर्ध्यात थांबला आणि थांबला तो थांबलाच. मागून मोटर नुसती कण्हली, मग तीही गप्प.

केळीचा एक रिकामा ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरला, भिजत दोन मिनिटं बघत राहिला. "टप अडकला का भो?" त्याने आपली ताडपत्री काढून दिली. ती अर्धी गाडीवर, अर्धी माझ्यावर. तसाच, खांद्यावर दोरी धरून, ताशी दहाच्या वेगाने मी मळ्यात आलो. ताडपत्री परत न्यायला तो चार दिवसांनी आला तेव्हा पैसे घ्यायला तयार नव्हता. दोन फण्या केळी मात्र मागून नेल्या.

कारण असं निघालं. अशा गाडीत छप्पर बसतं त्या खाचेत पाणी जाणारच, हे बनवणाऱ्यांनी गृहीत धरलेलं असतं. ते पाणी बारीक नळ्यांतून चाकांच्या मागे जमिनीवर सोडलेलं असतं. माझ्या गाडीत अशा ४ नळ्या आहेत. निंबाचा फुलोरा, पानांची देठं आणि धूळ यांनी त्यांतली मागची डावी गच्च बसली होती. पाणी खाली न जाता डिकीच्या डाव्या कोपऱ्यातल्या खळग्यात साचलं. छप्पर उचलणाऱ्या हायड्रॉलिक पंपाची मोटर नेमकी त्याच खळग्यात, फोमच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली. आवाज होऊ नये म्हणून फोम. तो फोम पाणी पिऊन बसला आणि मोटर त्यात बुडाली. उन्हापासून वाचवायला ज्या झाडाखाली लावली, त्याच झाडाने हे केलं.

एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपने फोटो पाहूनच पूर्ण असेंब्ली बदलायला सांगितलं. सव्वाचार लाख, आणि सुटा भाग यायला सात-आठ आठवडे. मी फोन ठेवला तेव्हा माझा चुलतभाऊ नाना समोर बसला होता. नानाची केळी आहे, अख्ख्या मळ्याला ठिबक. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, हे तर लॅटरल चोक झालंय. तुझ्याकडे फ्लशच मारत नाही कोणी."

लॅटरल म्हणजे ठिबकची नळी. ठिबकवाल्याला हे रोजचंच. पाण्यातली माती, शेवाळ, क्षार यांनी ड्रिपर बुजतात. मग नळीच्या टोकाची टोपी काढून जोराचं पाणी सोडतात, त्यानेही भागलं नाही तर ॲसिड देतात. नाना ॲसिडपर्यंत आलाच होता. मी हात जोडले. शेवटी त्याने बारीक मायक्रोट्यूब घेतली, टोक तिरपं कापलं, नळीत हळूहळू सरकवली आणि मागून फवारणीच्या पंपाने पाणी सोडलं. जास्त दाब द्यायचा नाही, नाहीतर नळी आतल्या सांध्यातून निखळते आणि मग सगळी डिकी उसवावी लागते. पहिल्यांदा काहीच नाही. मग चाकामागून काळपट पिवळी लेंडी बाहेर पडली, आणि तिच्यामागे स्वच्छ पाण्याची धार. नानाने टाळी दिली.

मोटरचं काम फैजपूरच्या एका फिटरने केलं. तो ट्रॅक्टर आणि जेसीबीचं हायड्रॉलिक करतो. माझी गाडी पाहून आधी नाहीच म्हणाला. मी त्याला पंप दाखवला तेव्हा त्याचा चेहरा खुलला. "एवढंसं? ट्रॉली उचलायचा याच्या दहापट असतो." मोटर उघडली, वाळवली, गंजलेले कार्बन ब्रश बदलले, तेल नवीन भरलं. आणि त्याने एक शहाणपणाची गोष्ट सुचवली: मोटर परत त्या खळग्यात ठेवायचीच नाही. वायर आणि होज थोडे वर घेऊन ती डिकीच्या फरशीच्या पातळीवर बसवली. आवाज आता जास्त येतो. येऊ दे. सगळं मिळून अठरा हजार रुपये आणि माझे तीन दिवस गेले, कारण तो विचार करताना चहा लागतो म्हणायचा.

टायरचं थोडक्यात. याला स्टेपनी नाही, रनफ्लॅट टायर आहेत. पंक्चर झालं तरी ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर जाता येतं. बाभळीचा काटा लागला तेव्हा मी जळगावपर्यंत आरामात गेलो. तिथे कळलं की त्या मापाचा टायर मागवावाच लागेल. तेव्हापासून एक घरात ठेवलाय. गाडीचं पोट खाली घासतं म्हणून स्पीडब्रेकरवर ती तिरपी घ्यायची, आणि बाजूला बसलेल्याने "लागलं का?" विचारायचं नाही.

एवढं सगळं कशासाठी, हे मला पहिल्या डिसेंबरात कळलं.

आमच्याकडे थंडी म्हणजे भरीत. बामणोदची पांढुरकी हिरवी वांगी, कपाशीच्या वाळक्या काट्यांवर, म्हणजे झाडांच्या काड्यांवर, भाजलेली, वर कांद्याची पात, कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची पुरी. भरीत पार्टी मळ्यात असते आणि रात्री बारापर्यंत चालते. तिथून येताना छप्पर उघडं, काचा वर, पायाशी हीटर. अंगात स्वेटर, कानाला मफलर. बंद गाडीतून गेली पन्नास वर्षं मी हा रस्ता पाहिला, पण त्याला जागोजागी वेगळं तापमान आहे हे माहीत नव्हतं. दोन्ही बाजूंना केळीचे मळे आले की गारवा एकदम अंगावर येतो, ओल्या मातीचा आणि पानांचा वास येतो. मळा संपून उघडं रान आलं की हवा कोरडी, थोडी उबदार. पुन्हा मळा, पुन्हा गार. डोळे मिटून सांगता येईल कुणाचं पाणी चालू आहे ते. गाव जवळ आलं की काट्यांचा धूर.

खिरोद्याहून पालला जाताना सातपुडा सुरू होतो, तिथे मी एकदा आईला घेऊन गेलो. शाल डोक्यावरून घेऊन ती बसली. घाटात वर पाहत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "चांदण्या गयऱ्या दिसून राह्यल्या रे." टपाचा विषय तिने त्यानंतर काढला नाही.

आता गाडी निंबाखाली नसते. नानाच्या रोपवाटिकेच्या शेडनेटचा उरलेला तुकडा चार पाइपांवर ताणून, गाडीपासून हातभर उंच बांधलाय. वारा खालून खेळतो, पानं वर अडकतात. पंधरा दिवसांनी जाळी झाडायची. उन्हाळ्याआधी एकदा आणि पावसाआधी एकदा रबराला ग्रीस.

नानाकडे ठिबकची वही आहे. कुठल्या गटाला कधी फ्लश मारला, ॲसिड कधी दिलं, सगळं तारखेनिशी. मे महिन्याच्या शेवटच्या पानावर, गट नंबर सातच्या खाली, त्याने स्वतःच लिहून ठेवलंय: "दादाची गाडी, ४ नळ्या. ॲसिड नको म्हणतो."